कोंबडीचा निवाडा

मी आयुष्यात एकदाच राजा झालो, एका दुपारपुरता, आणि त्या दुपारी माझं मोहाचं झाड गेलं. राजांची राज्यं जातात, हे ऐकून होतो. झाड गेलेला राजा मात्र मला तरी दुसरा माहीत नाही.

आमचं गाव मूल शहराच्या पुढे, धानाच्या पट्ट्यात. इथे दिवाळीनंतर धान कापून झालं की मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते, घरोघर पाहुणे उतरतात आणि लोकांना दोनच गोष्टी सुचतात: सोयरीक आणि नाटक. गावच्या नाटकात माझे मोठे भाऊ देवराव कायम राजा आणि मी कायम शिपाई. भाला धरून सिंहासनाच्या डाव्या अंगाला उभं राहायचं आणि पहिल्या अंकात एकदा म्हणायचं, "महाराजांचा विजय असो." (दुसऱ्या अंकात महाराजांचा पराजय व्हायचा, तेव्हा मला वाक्य नसायचं.) एका वर्षी धीर करून मी दिग्दर्शकाला म्हणालो, "यंदा मले राजा करा ना." त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. म्हणाला, "तुमी राजा झाले त भाला कोन धरन, पुंडलिकभाऊ?" गावात भाला धरण्याच्या लायकीचा दुसरा माणूस नव्हता, असा त्याचा अर्थ मी काढला आणि पुढची कित्येक वर्षं तेवढ्यावर काढली.

आता झाडाचं सांगतो. वडिलांनी वाटण्या केल्या तेव्हा माझं शेत आणि भावाचं शेत यांच्यामध्ये एक धुरा, म्हणजे मातीचा बांध, आला, आणि त्या धुऱ्याला लागून, माझ्या अंगाला, मोहाचं एक जुनं झाड. खोड माझ्या शेतात. पण त्या झाडाला काय वाटलं कोण जाणे, ते सगळं भावाच्या शेतावर वाकलं. फागुन संपत आला की पहाटेपासून मोहफुलं टपटप पडतात, ती सगळी भावाच्या धानाच्या वाफ्यात, त्याला आम्ही बांधी म्हणतो. मोहाचं झाड म्हणजे दुभती म्हैस, आणि आमची म्हैस बांधलेली आमच्या दारात अन् दूध देणार शेजारी! माझं म्हणणं, झाड माझं तर फुलं माझी. भावाचं म्हणणं, फुलं पडतात ती जागा आम्ही झाडून स्वच्छ करतो, तर फुलं आमची. गेल्या साली माझ्या बायकोने, कमलने, यावर उपाय काढला. तिने रात्रीच भावाच्या बांधीत जुनी लुगडी अंथरली, म्हणजे सकाळी फुलांसकट गोळा करून आणता येतील. सकाळी जाऊन पाहते तर वहिनींनी फुलं नेली होतीच, लुगडीही नेली होती. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं होतं, पण ते कुत्र्याला हाकलताना एकमेकांना ऐकू जाईल अशा बेताने.

अशा परिस्थितीत मंडईला आमची पल्लवी पुण्याहून आली. ती तिथे कॉम्प्युटरवर काम करते आणि सुट्टीच्या दिवशी लार्प करते.

"लार्प म्हंजे काय? औषध हाय का?" कमलने विचारलं.

"छंद आहे, आई. पोशाख घालायचे, फोमच्या तलवारी घ्यायच्या आणि दिवसभर दुसरंच कुणीतरी व्हायचं. राजा, चोर, वैदू. खरोखरच तसं वागायचं."

"अन् पाहते कोन?"

"कुणीच नाही. प्रेक्षक नसतात. सगळे खेळतात."

"मंग तालीमच झाली ना ते," कमल म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

पल्लवीसोबत तिचे चार मित्रमैत्रिणी आले होते. त्यांना जंगलाजवळच्या गावात खेळ करायची फार हौस. तिने मला नियम समजावून सांगितले. संहिता नाही. पाठांतर नाही. खेळात जो जे बोलेल ते खेळात खरं, घंटा वाजेपर्यंत. आणि कुणाला मधेच खेळाबाहेर यायचं असेल तर त्याने एक हात डोक्यावर ठेवायचा, म्हणजे 'मी इथे नाही.' एवढं सांगून ती जरा थांबली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही राजा व्हाल?"

मी इकडेतिकडे पाहिलं. भाऊ आसपास नव्हते, म्हणजे विचारलं होतं मलाच. लहानपणी ही पोर पहिल्या रांगेत बसून माझ्या एका वाक्याची वाट पाहायची आणि ते झालं की झोपून जायची. ते तिच्या लक्षात होतं. खरं सांगतो, मला भरून आलं. मी म्हणालो, "विचार करतो." कमल आतून म्हणाली, "विचार त बत्तीस दात दाखवूनच करून राह्यले."

राजा म्हटला की मुकुट आला. नाटक मंडळाचा मुकुट गावात एकच, आणि तो भावाच्या घरी पेटीत. (मुकुट राजाच्या घरीच राहणार. शिपायाच्या घरी भाला होता, त्यावर आम्ही टॉवेल वाळत घालायचो.) मी पल्लवीला पाठवलं. वहिनींनी सगळा खेळ नीट समजून घेतला, नियम दोनदा विचारले आणि म्हणाल्या, "मुकुट देतो बेटा. पन मले बी खेळाले घे."

"काकू, तुम्ही काय व्हाल?"

"राजा हाय त फिर्यादी पायजेच ना. मी फिर्याद आनतो."

पल्लवी खूश होऊन मुकुट घेऊन आली. "काकूंना किती पटकन समजलं, बाबा!" मीही खूश झालो. आता वाटतं, वहिनींनी इतक्या वर्षांत कधी कुणाला मागितलेली चाळणीसुद्धा अटीशिवाय दिलेली नाही, एवढं तरी मला आठवायला हवं होतं.

खेळ ठरला गावाबाहेरच्या खळ्यावर, जेवणं झाल्यावर. कापलेल्या धानाचे रचलेले पुंजणे म्हणजे किल्ल्याची तटबंदी. तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगावर मंडपवाल्याची लाल खुर्ची, ते सिंहासन. मी चढून बसलो. भावाचं डोकं माझ्यापेक्षा मोठं (सगळ्याच अर्थांनी, असं ते समजतात), त्यामुळे मुकुट थेट माझ्या कानांवर येऊन बसला. आणि बघतो तो अख्खं गाव बोऱ्या, सतरंज्या, पाहुणे आणि लेकरं घेऊन येतंय. आमच्याकडे कुणी रंगीत कपडे घालून उभं राहिलं की लोक समोर बसतात, ती जित्याची खोड आहे. भाऊ सगळ्यांत पुढे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसले. पल्लवी म्हणाली, "काका, तुम्हीपण खेळा ना." ते म्हणाले, "मी राजाशिवाय दुसरं काही केलं नाई बेटा. तुमचं चालू द्या."

पल्लवीची धांदल उडाली. "प्रेक्षक चालत नाहीत हो! सगळ्यांनी खेळायचं असतं."

"आमी काय खेळाचं?" लोकांनी विचारलं.

"तुम्ही... तुम्ही प्रजा व्हा."

"होऊ," लोक म्हणाले आणि होते तसेच बसून राहिले. प्रजेला वेगळं काही करावं लागत नाही.

सुरुवातीला गोंधळच झाला. शेतावरून बाया डोक्यावर भारे घेऊन, एका हाताने सावरत खळ्यातून जात होत्या. नियमाप्रमाणे डोक्यावर हात असलेला माणूस दिसतच नाही. पल्लवीचा एक मित्र सेनापती होता आणि नियमाला पक्का होता. तो सरळ एका बाईच्या भाऱ्यावर जाऊन आदळला आणि तणसात उताणा पडला. "डोये फुटले का रे तुहे," असं ती बाई म्हणाली, तरी तो उठून म्हणाला, "वारा सुटला वाटतं." लोकांना हा विनोद फार आवडला. त्यांनी वन्स मोर मागितला. बाई तयार होईना.

मग पल्लवीने दरबार भरवला. तिने एक गोष्ट फार हौसेने केली होती: हुकूम जाहीर करायला गावचे खरे कोतवाल झिबलभाऊ त्यांच्या खऱ्या डफड्यासकट बोलावले होते. "अस्सल वाटेल, बाबा," ती म्हणाली होती. ते अस्सल वाटलं नाही. ते अस्सलच झालं. आमच्या गावात झिबलभाऊंनी डफडं वाजवून सांगितलेली गोष्ट कुणी कधी मोडलेली नाही. रस्त्यावर बैल सोडू नका म्हटलं तर सोडत नाहीत. तलावात जाळं टाकू नका म्हटलं तर टाकत नाहीत. निदान दिवसा तरी टाकत नाहीत.

फिर्यादी म्हणून वहिनी पुढे आल्या. डोक्यावरून पदर, हात जोडलेले, आवाजात रडू. मी मनात म्हटलं, अरे, बाई भावापेक्षा बरं काम करते.

"न्याय द्या महाराज. माह्या शेजाऱ्याची एक कोंबडी हाये. दाना त्याच्या घरचा खाते, झोपते त्याच्या खुराड्यात, अन् अंडे देते माह्या अंगनात."

"अंगण झाडतो कोण?" मी विचारलं. उभा जन्म राइस मिलच्या काट्यावर धान तोललं आहे, न्याय तोलायला काय लागतं.

"मीच झाडतो महाराज. सारवतो बी मीच."

"शेजारी काय म्हणतो?"

"म्हनते, कोंबडी माही त अंडे माहे. त्याची बायको त माह्या अंगनात येऊन लुगडे आंथरते, महाराज. अंड्यासाठी."

(इथे शहाण्या माणसाच्या कानात घंटा वाजली असती. माझ्या कानांवर मुकुट होता.)

प्रजेत बसलेली कमल एकदम ताठ झाली. तिने माझ्याकडे पाहून हात हलवला. मग दोन्ही हात हलवले. मला वाटलं, नवऱ्याला सिंहासनावर पाहून तिलाही राहवत नाहीये. मी तिच्याकडे पाहून राजासारखी मान झुकवली आणि उठून उभा राहिलो.

"ऐका! कोंबडी ज्याची त्याची. पण अंडं जमिनीवर पडलं की ते जमिनीचं. जो झाडेल, तो वेचेल. हा आमचा निवाडा आहे!"

आणि मग टाळ्या. साध्या नाहीत, शिट्ट्यांसकट. माझ्या आयुष्यात मला पडलेल्या त्या पहिल्या टाळ्या. मी चोरून भावाकडे पाहिलं. त्यांची हाताची घडी सुटली होती. पाठीमागून कुणीतरी ओरडलं, "वन्स मोर!"

आता वन्स मोर मिळाल्यावर तेच पुन्हा म्हणायचं असतं, पण मला वाक्यं कुठे आयती मिळाली होती? माझी मीच करत होतो, आणि ती येत होती. इतकी वर्षं तोंडात अडकलेलं सगळं एकदम बाहेर पडायला लागलं. मी म्हणालो, "आणि त्या हावरट शेजाऱ्याने यापुढे दरसाल स्वतःच्या हाताने, स्वतःच्या झाडूने, फिर्यादीचं अंगण झाडून द्यावं!"

पुन्हा टाळ्या. पुन्हा वन्स मोर. कमल आता उभी राहून पदराने वारा घालावा तशी काहीतरी करत होती. मी म्हणालो, "आणि त्याच्या बायकोने लुगडी परत मागू नयेत!" लोक लोळायला लागले. एवढं यश मला झेपलं नाही. मी तलवार उपसली (फोमची होती, वाकली) आणि गरजलो, "कोतवाल! दवंडी पिटा!"

झिबलभाऊंनी गळ्यात डफडं अडकवलं आणि ते गावाकडे निघाले.

मग वहिनींनी डोक्यावरचा पदर मागे घेतला. आवाजातलं रडू कुठल्या कुठे गेलं होतं.

"महाराज, आमी कोंबड्या नाई पाळत. धुऱ्यावरचं मोहाचं झाड हाये ना, त्याचंच सांगून राह्यलो मी."

म्हाताऱ्यांच्या सतरंजीवरून एक आवाज आला, "बराबर हाय. झाड काय अन् कोंबडी काय. निकाल एकच."

मी काय करणार? मला एकच नियम आठवला. मी एक हात डोक्यावर ठेवला, म्हणजे मी इथे नाही, मी खेळाबाहेर. लोक हळहळले. "पाहा बापा, राजानं डोक्याले हात लावला," असं म्हणून त्यांनी त्याच्याही टाळ्या वाजवल्या.

बिचारी पल्लवी. पांढरीफटक पडली. तिने धावत जाऊन घंटा वाजवली आणि ओरडून सांगितलं, "खेळ संपला! खेळातलं खेळातच राहतं. बाहेर काही खरं नसतं!"

"खेळ संपला त संपला," म्हातारे म्हणाले. "पन दवंडी त फिरून राह्यली ना, पोरी."

ती खरंच फिरत होती. मारुतीच्या पारापाशी डफडं ऐकू येत होतं. मी तणसाच्या ढिगावरून उडी मारली आणि धावलो. अंगावर शाल, हातात वाकलेली तलवार, मागे गावची कुत्री. कमल अंगणाअंगणातून ओरडत होती, "पकडा त्याले!" आणि लोकांना कळेना, कोतवालाला पकडायचं की मला. वाटेत कुठेतरी मुकुट पडला. झिबलभाऊ गावाच्या टोकाला सापडले, शेवटच्या गल्लीत. म्हणजे बाकीच्या गल्ल्या झाल्या होत्या.

"झिबलभाऊ, थांबा. दवंडी मागे घ्या."

"वाजवलेलं डफडं मांगं नाई येत, पुंडलिकभाऊ. हुकमानं वाजते. थांबवाले बी हुकूमच लागते."

"मग मी देतो हुकूम. मी राजा आहे."

झिबलभाऊंनी शांतपणे विचारलं, "मंगाशी घंटी वाजली ना?"

"वाजली."

"मंग खेळ संपला. आता तुमी कायचे राजे?"

"खेळ संपला, तर निवाडाही संपला."

"निवाडा झाला तवा त खेळ चालू होता ना. तवा राजे तुमीच होते." त्यांनी डफड्यावरची धूळ झटकली. "राजानं हुकूम देल्ला, राजा गेला. आता मोडन कोन?"

मी उभ्या जन्मात एवढा अडकलो नव्हतो. मी राजा असलो तर हुकूम खरा, आणि राजा नसलो तर तो मोडणारा मी कोण? यावर मी आजही कधीकधी जेवताना विचार करतो. मार्ग सापडत नाही आणि जेवण गार होतं.

तोवर भाऊ आले. चालत, सावकाश. वाटेत पडलेला मुकुट त्यांनी उचलून आणला होता आणि शर्टाच्या बाहीने पुसत होते. आता हे हसणार, म्हणून मी तयार राहिलो. हसले असते तर बरं झालं असतं. मी तिथल्या तिथे भांडलो असतो, खेळ होता, थट्टा होती, म्हणालो असतो, तलाठ्याकडे गेलो असतो आणि झाड सोडवलं असतं.

ते हसले नाहीत. माझ्याकडे नीट पाहत म्हणाले, "पुंडलिक, राजा तू बेस केला. माह्यानं असा कधी झाला नाई."

मेलो. त्या माणसाच्या तोंडून हे ऐकावं म्हणून मी किती अंकांत भाला धरून उभा होतो. आणि आता 'तो निवाडा खोटा होता' असं म्हणायचं तर आधी 'तो राजा खोटा होता' असं म्हणावं लागणार. ते माझ्या जिभेवर येईना. मी भावाला म्हणालो, "हो. बरा झाला." बस, तेवढंच म्हणालो, आणि आमचं झाड गेलं.

कमलचा राग अजून गेलेला नाही. "घरादाराचा निकाल देल्ला, घरी इचारलं बी नाई," हे ती भाजीत मीठ टाकताना म्हणते, त्यामुळे मीठ कमीजास्त होतं. पल्लवीने पुण्याला जाताना रडून माफी मागितली. मी म्हणालो, "तुझी काय चूक बेटा, तू तर मला राजा केलं." तिच्या मित्रांनी मात्र सांगितलं की एवढा खरा वाटणारा खेळ त्यांनी आजवर पाहिला नव्हता. पुढच्या वर्षी पुन्हा येऊ म्हणाले. मी त्यांना आमच्या घराचा चुकीचा रस्ता सांगून ठेवला आहे. भावाने परवा मोहाचे लाडू पाठवले, वाटीभर. ते चांगले झाले होते, याचाही मला राग आला.

यंदा फागुन लागला तशी झिबलभाऊंनी सहज वाटेवर आठवण करून दिली, आणि मी झाडू घेऊन भावाच्या बांधीत गेलो. झाडाखालचा सगळा पाला ओढून काढायचा, जमीन लख्ख करायची, म्हणजे वहिनींना फुलं वेचायला सोपं जातं. धुऱ्यावरून जाणारे लोक थांबतात. "महाराज, थे तिकडचा कोपरा राह्यला." मी तो कोपराही झाडतो. शेवटी हुकूम माझाच आहे, आणि आमच्या घराण्यात राजाचा हुकूम मोडत नाहीत.

झाडून झालं की भाऊ येऊन बांधीत खाटेवर बसतात आणि वहिनी त्यांना चहा आणून देतात. तोवर मी झाडू उभा धरून त्यांच्या डाव्या अंगाला थांबतो. मला कुणी सांगितलेलं नाही. पण इतक्या वर्षांची सवय आहे, आणि भाल्यापेक्षा झाडू हलका आहे.